मामा आणि पावडरची खोली

कारखान्यात त्याला सगळे मामा म्हणत. मालकाच्या दोन मुलांचा तो सख्खा मामा. आधी मुलं म्हणू लागली, त्यांचं ऐकून फोन घेणारी बाई, मग टेम्पोवाला, आणि हळूहळू खुद्द मालक, म्हणजे त्याचे भाऊजीही. एखाद्याला फसवलं की त्याचा मामा केला असं म्हणतात, हे त्यालाही ठाऊक होतं. नवा कोणी कामाला आला की तोच हसत सांगायचा, “माझा कोणी मामा करायची गरज नाही. मी आयताच आहे.” लोक हसायचे. त्याची बायको तेवढी हसायची नाही.

मूळचा तो लाकडी नमुने करणारा. पंपाचा, झडपेचा, चाकाचा हुबेहूब लाकडी नमुना तो करून द्यायचा. फाउंड्रीत तो नमुना वाळूत दाबून साचा घ्यायचे आणि त्यात लोखंड ओतायचे. थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. किती मोठा, ते त्याच्या बोटांना कळायचं. बत्तीस वर्षांचा असताना एका सकाळी थोरली बहीण घरी आली आणि म्हणाली, सहा महिन्यांसाठी ये. यांनी एक जुनं मशीन घेतलंय, कुणालाच धड चालवता येत नाही. माणूस मिळाला की तू मोकळा.

ताईला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्याचा डबा भरला होता, ताईनेच त्याच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकली होती. तो आला. सहा महिन्यांची चौदा वर्षं झाली.

मशीन म्हणजे दोन कपाटांएवढी पेटी. आत नायलॉनची पांढरी पावडर, पिठाहून बारीक. पेटी ती पावडर वितळायच्या अगदी उंबरठ्यापर्यंत तापवून ठेवते. एक रूळ फिरतो आणि कागदाएवढा पातळ थर पसरतो. मग वरून लेझरचा किरण येतो आणि वस्तू जिथे हवी तेवढ्याच जागी फिरतो. तेवढीच पावडर वितळून एकमेकीला धरते, बाकीची सुटी राहते. तळ कागदभर खाली सरकतो, पुन्हा थर, पुन्हा किरण. असे दोन-अडीच हजार थर झाले की आत वस्तू तयार असतात, पण डोळ्यांना दिसते ती नुसती पांढरी ढेप. ती ढेप जेवढे तास तापली जवळपास तेवढेच तास निवू द्यायची. घाई केली तर आतले तुकडे उन्हात टाकलेल्या ओल्या फळीसारखे वाकतात. निवल्यावर ती हाताने फोडायची, ब्रशने झाडायची आणि एकेक वस्तू उकरून काढायची.

या कारखान्यात जास्त करून मुलांच्या पायांचे आधार व्हायचे. ज्या मुलांचा घोटा वळतो, पाऊल घसटतं, त्यांच्या पायाचं माप इस्पितळातून कॉम्प्युटरवर यायचं आणि त्याच मापाचा हलका, पातळ आधार पावडरीतून बाहेर पडायचा. सुटी उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरायची, पण अर्धी नवी मिसळून. कारण ती स्वतः वितळली नाही तरी आचेशेजारी बसून बसून तिचा कस उतरतो. हे मामाने एकदा जेवताना बायकोला सहज सांगितलं. ती घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, तिला समजलं नसावं.

मशीनची एक खोड होती. मागचा डावा कोपरा कमी तापायचा. तिथे ठेवलेला आधार वरून ठणठणीत दिसायचा आणि मुलाने चार पावलं टाकली की थराथराने सुटायचा. दोन शिकलेले तंत्रज्ञ येऊन हात टेकून गेले. मामाने मात्र लाकूड ओळखावं तसं त्या पेटीला ओळखलं. कोणता तुकडा कुठे, किती कलता ठेवायचा, कोणत्या पावडरीला आच किती कमी-जास्त, सगळं त्याच्या डोक्यात होतं. कागदावर एक अक्षर नव्हतं. लिहून ठेव असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, लिहिण्यासारखं काही नाही, हाताला कळतं. खरं म्हणजे, आपल्यावाचून सगळ्यांचं अडतं हे त्याला आतून गोड वाटायचं.

भाऊजींची जीभ म्हणजे साखरेचा पाक. त्यांनी मामाला कधी नाही म्हटलं नाही. जायचं तेव्हा खुशाल जा मामा, फक्त हातातला एवढा लॉट होऊ द्या. आणि एक लॉट संपतो न संपतो तोच दुसरा दारात उभा.

मामाची बायको एका छोट्या इस्पितळात नर्स होती. तिच्या माहेरच्या गावी एक तांत्रिक शाळा होती आणि तिथे लाकूडकाम आणि नवी यंत्रं दोन्ही शिकवू शकेल असा माणूस हवा होता. मुलांना शिकवायचं, पाचला घरी. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा लॉट आडवा आला. दुसऱ्यांदा नेमकं त्याच सकाळी भाऊजींचं पोट दुखायला लागलं. तिसऱ्यांदा शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले की रविवारी चारला ते स्वतः थांबतील, पण हे शेवटचं. बायकोने शनिवारीच त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला.

रविवारी सकाळी तो म्हणाला, फक्त ढेप किती निवली तेवढं बघून येतो. बाराच्या आत घरी. दीडची बस होती.

पावडरची खोली आतल्या बाजूला होती. खिडकी नाही, कारण झुळूक आली की पावडर उडते. दार जाड, रबराची किनार लावलेलं, मागे ओढलं की घट्ट बसायचं. फोन आत न्यायचा नाही, पावडर त्याच्या भोकांत शिरते, म्हणून तो ऑफिसच्या खणात ठेवायचा. मामा आत गेला, दार ओढलं, पडद्यावरचा आकडा बघितला. एकशे चौदा अंश. अजून पुष्कळ गरम. चाळणी साफ करू म्हणून तासभर रमला, मग निघायला दाराची मूठ फिरवली आणि मूठ हातात आली. मधली सळई खणकन बाहेरच्या बाजूला पडली.

आधी त्याला हसू आलं. मग त्याने भोकात ब्रशची दांडी घालून बघितली, ती मोडली. प्लॅस्टिकचं फावडं घातलं, ते वाकलं. खांद्याने धक्के दिले. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. हाका मारल्या, पण हवा गाळणाऱ्या पंख्याच्या घरघरीत त्याची हाक त्यालाच धड ऐकू येईना. सुट्टीचा दिवस, बाहेर शटर अर्धं खाली, आसपासची दुकानं बंद.

खोलीत घड्याळ नव्हतं. होता तो पडद्यावरचा आकडा. एकशे सात. एकशे एक. चौऱ्याण्णव. तो अंदाज बांधत बसला. आता अकरा वाजले असतील. आता बायको पोळ्या आटपून वाट बघत असेल. आता ती चिडली असेल. आता फोन लावत असेल. मग काळजी वाटून ती इकडेच येईल, चालत वीस मिनिटांची तर वाट. आकडा ब्याऐंशीवर आला तरी कोणी आलं नाही. सत्तरवर आला तेव्हा दीडची बस गेली असणार हे त्याने मान्य केलं. तहानेने जीभ टाळ्याला चिकटली होती. लघवीसाठी त्याने पावडरचा रिकामा डबा वापरला, झाकण लावलं आणि डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला, जणू कोणी बघत होतं.

आपण नाहीसे झालो तर कोणाला कळेल, हा विचार त्याने आयुष्यात पहिल्यांदा केला. कारखान्यातल्यांना वाटणार, मामा घरी आहे. घरच्यांना वाटणार, कारखान्यात आहे. आणि आपण खरोखरच कारखान्यात आहोत. यात कोणाचंच काही चुकत नाही.

आकडा एकावन्नवर असताना दाराच्या भोकात बाहेरून सळई फिरली. दार उघडलं. भाऊजी होते, सोमवारी सकाळी आधार इस्पितळात पोचवायचे होते म्हणून बघायला आलेले.

“लॉट ठीक आहे ना?” ते म्हणाले.

मग त्यांनी हातातली सळई बघितली, मामाचा चेहरा बघितला, आणि गडबडून स्वतः पाणी आणायला धावले. मामा भिंतीला टेकून दोन ग्लास पाणी प्यायला. सवा पाच वाजले होते. खणातल्या फोनवर बायकोचे अकरा कॉल होते. शेवटचा दीडचा. त्यानंतर एकही नाही.

घरी गेला तेव्हा पांढरा शर्ट खुर्चीवर तसाच होता. मुलगी दुसऱ्या खोलीत अभ्यास करत होती. त्याने दाराची मूठ निघाल्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यालाच कळलं की हे किती रचल्यासारखं वाटतंय.

“मूठ निघाली हे खरं असेल,” बायको म्हणाली. ती रडत नव्हती, आवाजही चढला नव्हता. “पण मी शोधायला का आले नाही, ते विचारा. मला नवल वाटलंच नाही म्हणून. बस सुटली तेव्हा मी स्टँडवर होते. मनात म्हटलं, आलाच नाही ना. झालं. आणि घरी येऊन कपडे धुतले.”

शाळेत दुसऱ्याच आठवड्यात दुसरा माणूस लागला.

एवढं झाल्यावर मामाने एक जाड वही आणली. जे हाताला कळतं म्हणायचा ते शब्दांत धरताना त्याला घाम फुटला, पण महिनाभर तो रोज दोन पानं लिहीत राहिला. मागचा डावा कोपरा, कल किती, जुनी पावडर किती, आच किती. आकृत्याही काढल्या, लाकडी नमुन्यांच्या काढायचा तशा, पेन्सिलीने, मापं टाकून. आणि शिकवायला त्याने चष्मेवालीला निवडलं. ही चाळिशीची बाई घासायच्या टेबलावर आठ वर्षं बसत होती. तयार आधारांच्या कडा ती गुळगुळीत करायची, भिंगासारखा जाड चष्मा लावून. तीच रोज बिघडलेले तुकडे बघत आली होती, त्यामुळे मशीन कुठे खोटं बोलतं हे तिला अर्धंअधिक माहीतच होतं. ती फार प्रश्न विचारायची नाही, पण जो विचारायची तो नेमका असायचा. वहीतल्या दोन चुका तिनेच काढल्या.

अडीच महिन्यांनी तिने एकटीने पहिला लॉट लावला. मामा मुद्दाम खोलीबाहेर बसून राहिला. ढेप फोडली, बत्तीस आधार निघाले, बत्तीसच्या बत्तीस चोख. मागच्या डाव्या कोपऱ्यातलासुद्धा. मामाने तो हातात घेऊन वाकवून बघितला, उजेडात धरला. कुठे काही नाही. त्याने तिची पाठ थोपटली आणि नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. एखादा तरी बिघडेल अशी आपल्याला आशा होती, हे त्याला नळाखाली कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्याच दिवशी त्याने भाऊजींना सांगितलं की महिनाअखेर आपण जाणार. शाळा नाही तर नाही, बायकोच्या गावी एखादं सुतारकामाचं दुकान तरी मिळेल. या वेळी भाऊजींनी हातातल्या लॉटचं नाव काढलं नाही. ते म्हणाले, जा मामा, खुशाल जा, बाई आहेत आता. चौदा वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते इतक्या सहज मिळाले की त्याला खुर्चीतून उठायचंच सुचेना.

दोन दिवसांनी, बुधवारी दुपारी, ताई घरी आली. बायको ड्युटीवर होती, मुलगी शाळेत. मामाला ताप होता म्हणून तो घरी. त्याने पाणी दिलं, ते ताईने घेतलं नाही. पर्सची चेन उघडत-लावत बसली.

“तू तिला सगळं शिकवलंस?”

“हो. वहीसुद्धा दिली.”

“आणि महिनाअखेर जाणार.”

“जाणार. तूच म्हणाली होतीस ना, माणूस मिळाला की मोकळा.”

ताई खिडकीकडे बघत म्हणाली, “मशीनसाठी तर कोणी ना कोणी मिळालंच असतं. तुला मी माझ्यासाठी बोलावलं. त्याच्या आधी महिन्याभरात यांनी माझ्यावर दोनदा हात उचलला होता. तिसऱ्यांदा उचलायच्या आत मी तुझ्याकडे आले. तू कारखान्यात लागलास आणि ते थांबलं. ज्याच्यावाचून आपलं चालत नाही, त्याच्या बहिणीला मारून कसं चालेल? चौदा वर्षं शब्दांचाच मार खाल्ला, दुसरा नाही.”

मामाने विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस.

“सांगितलं असतं तर तू भांडला असतास, आणि भांडून निघून गेला असतास. मग मी कुठे राहिले असते?”

तो म्हणाला, चल, आत्ताच चल, इथे राहा. ताईने त्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली, मुलीच्या वह्यांवरून, दोरीवरच्या कपड्यांवरून. तिच्या धाकटीच्या कॉलेजची दोन वर्षं राहिली होती. ती म्हणाली, धाकटी मार्गी लागू दे, मग बघते. हे “मग बघते” मामाच्या चांगल्या ओळखीचं होतं. तो स्वतः चौदा वर्षं तेच म्हणत आला होता.

ती गेल्यावर तो कॉटवर पडून राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपल्याला मशीनने बांधलंय, आणि ती गाठ सोडवायला त्याने वही लिहिली. खरी गाठ भलतीकडेच होती, आणि ती घट्ट व्हायला ती वहीच कारण झाली होती: मशीन त्याच्यावाचून चालू लागलं आणि ताईचा आडोसा गेला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नव्हता तरी तो कारखान्यात गेला. भाऊजी ऑफिसात एकटेच होते. मामाने दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं की आपण जात नाही.

भाऊजी चपापले. “अहो पण आता तशी गरज... म्हणजे बाई करतायत की सगळं. तुम्ही तुमचं बघा ना, मामा.”

“मशीनसाठी राहत नाहीये मी. आणि पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी घरी येणार. ताईकडे.”

त्याने आवाज चढवला नव्हता. ताई काही बोलली हेही त्याने सांगितलं नव्हतं, तेवढी काळजी घेतली होती. पण भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं आणि मग बघणं टाळलं. टेबलावर नमुन्याचा एक छोटा आधार होता, चार वर्षांच्या मुलाच्या पायाचा. तो त्यांनी उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला.

“घर तुमचंच आहे,” ते म्हणाले.

त्या दिवशी मामाने ताईला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिने आपण भाजी निवडतोय असं सांगितलं. आपण बोललो ते बरं केलं की तिच्यावरच ओढवून घेतलं, हे त्याला आजही नक्की सांगता येत नाही.

बायकोला सांगायला त्याला चार दिवस लागले. सकाळी ती गणवेशाला इस्त्री करत होती, तेव्हा सांगितलं. तिने इस्त्री बाजूला उभी केली.

“हे आधी कळलं असतं तर इतकी वर्षं मी तुमच्यावर चिडले नसते,” ती म्हणाली.

“मलाच बुधवारी कळलं.”

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

तिने गणवेश घडी केला. मग म्हणाली की ताईंना एकदा तिच्या इस्पितळात घेऊन या, तिथे एक बाई आहेत, अशाच गोष्टींसाठी बसतात, नुसतं बोलतात. मामाने ताईला तसं सांगितलं. ताई म्हणाली, बघू.

त्याला आता दीड वर्ष झालं. चष्मेवाली मशीन चालवते आणि मामा तिच्या जुन्या टेबलावर बसून आधारांच्या कडा घासतो. कारखान्यात त्याचं काही अडत नाही आणि त्याच्यावाचून कोणाचं अडत नाही. पाचला तो घरी जाऊ शकतो, जातोही. सुरुवातीला घरी जाऊन करायचं काय हे न कळून तो मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसायचा. ती म्हणाली, बाबा, मी कॉलेजात गेले आता. मग त्याने तिला लाकडी फडताळ करून दिलं. पटाशी हातात बसायला आठवडा लागला. तांत्रिक शाळेतून एकदा विचारणा आली, रविवारी दोन तास याल का म्हणून. तो अजून हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

गुरुवार मात्र त्याने एकही चुकवलेला नाही. भाऊजी स्वतः दार उघडतात. या मामा. तिघं चहा घेतात, टीव्ही लावलेला असतो, भाऊजी मुलीची चौकशी करतात, हवेबद्दल बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातला गोडवा मामाच्या अंगाला पावडरीसारखा चिकटतो. ताई फारसं बोलत नाही. मामा कप घेताना तिच्या मनगटांकडे बघतो, चेहऱ्याकडे बघतो, चालण्याकडे बघतो. हे ताईला कळतं आणि भाऊजींनाही कळतं.

सातला तो उठतो. ताई फाटकापर्यंत येते. परवाच्या गुरुवारी ती म्हणाली की धाकटीने आणखी पुढे शिकायचं ठरवलंय, दोन वर्षांचा अभ्यास आहे. बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. मामा म्हणाला, चांगलं आहे, हुशार आहे पोर. मग तो स्टॉपवर जाऊन उभा राहिला. दोन बसगाड्या भरून गेल्या, तिसरीत जागा मिळाली.

घरी बायकोने दार उघडलं आणि नेहमीसारखं विचारलं, “कशा आहेत?”

“बरी आहे,” तो म्हणाला आणि हातपाय धुवायला आत गेला.